अतींद्रिय शक्तीची माणसं अंतराळात नेमकी कुठे उपयोगी पडतील?

शततारका (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, म्हणून सविस्तर लिहितेय.

अपोलो १४ चं उड्डाण झालं ३१ जानेवारी १९७१ ला. त्या मोहिमेत एक प्रयोग असा होता की तो नासाच्या कुठल्याच यादीत नव्हता. चंद्रावर उतरलेले सहावे मानव एडगर मिशेल विश्रांतीच्या वेळात १ ते ५ आकड्यांची एक विस्कळीत रांग समोर घेऊन बसायचे. प्रत्येक आकड्याला एक आकृती ठरलेली: वर्तुळ, चौकोन, अधिकचं चिन्ह, तीन लाटा, तारा. एकेका आकृतीवर काही सेकंद मन लावायचं आणि पुढे जायचं. इकडे पृथ्वीवर चार जण ठरल्या वेळी कागद घेऊन बसून मनात येईल ती आकृती लिहिणार. सोबतच्या दोघा अंतराळवीरांना याचा पत्ता नव्हता. खराब हवेमुळे उड्डाण ४० मिनिटं उशिरा झालं, त्यामुळे पुढच्या वेळाही सरकल्या आणि काही उत्तरं आकृती 'पाठवण्याआधीच' लिहिली गेली. मिशेल यांना निकाल अर्थपूर्ण वाटला. बहुतेक शास्त्रज्ञांना वाटला नाही, आणि कागदावरचं पाहता मलाही तो पुरावा म्हणता येत नाही.

पण ते चित्र मनातून जात नाही. घरापासून लाखो किलोमीटर लांब गेलेला माणूस आकृत्यांवर लक्ष लावून बसलाय, आणि कोणीतरी तिकडे ऐकत असेल अशी त्याला आशा आहे.

असल्या शक्ती खऱ्या आहेत असा भरवशाचा पुरावा आजवर मिळालेला नाही, हे आधीच मान्य करते. चर्चा "असत्या तर" या अंगाने व्हावी. ती निघाली की आपण लगेच ग्रह ढकलणाऱ्या आणि एका निमिषात ताऱ्यापलीकडे जाणाऱ्या माणसांवर येऊन थांबतो. माझं म्हणणं वेगळं आहे. अंतराळात माणसाचं घोडं अडतं ते फार छोट्या जागी, आणि तिथे छोटीशीच शक्ती पुरली असती.

गॅलिलिओ यान घ्या. गुरूकडे जाताना १९९१ साली त्याचा मोठा अँटेना उघडायचा होता. रचना अगदी छत्रीसारखी, १८ काड्यांची. त्यातल्या काही काड्या मधल्या दांड्याला चिकटून राहिल्या आणि छत्री अर्धवट उघडून तिरकी थांबली. लोकांनी यान उन्हाकडे वळवून पाहिलं, सावलीत नेऊन पाहिलं, मोटरने १३ हजारांहून जास्त वेळा ठोके दिले. काड्या सुटल्या नाहीत. शेवटी सगळी मोहीम छोट्या अँटेनावर, मुंगीच्या पावलाने माहिती पाठवत पार पाडली. एका बोटाने त्या काड्या सोडवणारं कोणी असतं तर?

तुमच्या मते कुठली शक्ती खरोखर कामाची, आणि कुठली नुसती दिपवणारी?

---

गणितमास्तर

उत्तम धागा. "एका बोटाने" हा शब्द आवडला, कारण हिशेब नेमका तिथेच येतो.

मनाने वस्तू हलवली तरी ऊर्जा कुठून तरी यायलाच हवी. पृथ्वीच्या ओढीतून १ किलो वजन कायमचं सोडवायला साधारण सव्वासहा कोटी ज्यूल लागतात. माणूस दिवसाला २००० किलोकॅलरी खातो असं धरलं तर ती ऊर्जा सुमारे ८४ लाख ज्यूल होते. म्हणजे खाल्लेला कण न् कण याच कामी लावला, श्वासालाही काही ठेवलं नाही, तरी १ किलोमागे सात-साडेसात दिवसांचं अन्न. ७० किलोचा माणूस बाहेर भिरकावायला जवळपास दीड वर्षाचं. रॉकेटची जागा असा माणूस घेऊ शकत नाही.

आता दुसरं टोक पाहा. मंगळावर १ किलोची वस्तू १ मीटर उचलायला चार ज्यूलसुद्धा लागत नाहीत. अडकलेली खीळ, न उघडलेली झडप, वाकडी बसलेली काडी या सगळ्या याच हिशेबातल्या गोष्टी. २०२३ साली युरोपच्या ज्यूस यानावरचा १६ मीटर लांबीचा रडार अँटेना एका बारीकशा पिनेमुळे अडला होता. यान हलवून, उन्हात धरून झालं, शेवटी शेजारची एक कळ उडवून दिलेल्या हादऱ्याने ती पिन सुटली. काही आठवडे माणसांची झोप उडवणारं हे काम चार ज्यूलचं!

एक अडचण मात्र राहते. ढकललं की ढकलणाऱ्यालाही उलटा धक्का बसतो. पृथ्वीवर बसून मंगळावरची वस्तू ढकलणाऱ्याला तो कुठून, कसा बसेल? याचं उत्तर द्यावंच लागेल.

---

पुनर्वसू

शततारकाताई, तुमच्या यादीत ब्रिटनचं बीगल-२ हे यान घाला. २००३ च्या नाताळात ते मंगळावर उतरायचं होतं. उतरलं की नाही हेच कळलं नाही, एक अक्षरही आलं नाही. सगळ्यांनी धरून चाललं की आपटलं असणार. आणि २०१५ साली वरून काढलेल्या फोटोंमध्ये ते सापडलं, अखंड! व्यवस्थित उतरलं होतं. सौर पाकळ्या सगळ्या उघडल्या नव्हत्या, आणि अँटेना त्यांच्याच खाली झाकलेला होता.

यात मला एक गोष्ट दिसते. बोटाची शक्ती असून उपयोग नव्हता, कारण बोट कुठे लावायचं हे ११ वर्षं कोणालाच माहीत नव्हतं. म्हणजे हलवणाऱ्याच्या आधी पाहणारा हवा.

लांबचं पाहण्याचे प्रयत्नही झालेत. १९७३ च्या एप्रिलमध्ये, बसल्या जागी लांबचं दिसतं असा दावा करणाऱ्या इंगो स्वान यांनी कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेत बसून गुरू ग्रह 'पाहिला'. पायोनिअर १० यान तिथे पोचायला अजून काही महिने होते. गुरूभोवती कड्यासारखा पट्टा आहे असं त्यांनी सांगितलं, आणि १९७९ साली व्हॉयेजर १ ला खरंच विरळ कडं सापडलं. त्यांच्या बाजूचे लोक इथेच थांबतात. पण त्याच बैठकीत त्यांनी उंच पर्वतरांगाही पाहिल्या होत्या. गुरूला डोंगर उभा राहील अशी जमीनच नाही. शिवाय शनीला कडं आहे हे शाळकरी पोरालाही ठाऊक, मग गुरूला असेल असं मनात यायला कितीसा वेळ?

यानाच्या चालकाला असा पाहणारा दिला तर चालक पर्वत चुकवायला वळेल की कड्याकडे बघेल? दहातलं एक खरं निघतं, पण ते कुठलं हे आधी कळत नसेल, तर त्यावर यान चालवता येत नाही. अमेरिकी सैन्य आणि गुप्तहेर खात्याने वीसेक वर्षं असे लोक बाळगून १९९५ साली तो प्रकल्प बंद केला. तपासणाऱ्या दोन तज्ज्ञांचं आकड्यांच्या अर्थावर एकमत झालं नाही, पण प्रत्यक्ष कामात हेरगिरीला त्याचा उपयोग झाला नाही, हा निष्कर्ष अहवालात स्पष्ट होता.

---

उत्तररात्र

वाचतेय. छान चाललंय.

एक छोटी विनंती. टेलिपथीला कोणी "दूरसंवेदन" म्हणू नका, तो शब्द उपग्रहांनी आधीच घेतलाय. आपल्याकडे "परचित्तज्ञान" हा नेमका शब्द आहे, पतंजलींपासूनचा. त्यांच्या योगसूत्रांतल्या विभूतिपादात तो येतो, आकाशगमनही तिथेच येतं. सूर्यावर संयम (म्हणजे एकाग्र ध्यान) केला की भुवनांचं ज्ञान होतं, ध्रुवावर केला की ताऱ्यांच्या गतीचं, असंही तिथे आहे. ज्ञानेश्वरांनी सहाव्या अध्यायात योग्याचं वर्णन करताना समुद्रापलीकडचं दिसणं आणि मुंगीच्या मनातलं कळणं एकाच दमात सांगितलंय. ते वाचताना मला नेहमी वाटतं की दोन टोकं किती अचूक निवडली आहेत. अफाट अंतर आणि अगदी चिमुकलं मन.

मिशेल यांचंही असंच झालं. परतीच्या वाटेवर त्यांना जे विलक्षण एकत्व जाणवलं त्याला पुढे त्यांनी "सविकल्प समाधी" हा आपला शब्द वापरला. माझ्या लेखी त्यांच्या आकृत्यांच्या प्रयोगापेक्षा ही गोष्ट मोठी आहे.

---

कोरीपाटी

मी आणि माझ्या धाकट्या बहिणीने हे पत्ते लहानपणी स्वतः केले होते. त्याच पाच आकृत्या, प्रत्येकीचे पाच पत्ते, एकूण २५. पुठ्ठा कापला, स्केचपेनने काढल्या. मी पत्ता धरायचे, ती समोर बसून ओळखायची. पहिल्याच डावात तिचे ९ बरोबर आले. नुसत्या अंदाजाने ५ यायला हवेत हे आम्हाला माहीत होतं. आम्ही दोघी त्या रात्री झोपलोच नाही. ती मंगळावर जाणार आणि मी इथून बोलणार, हे पक्कं झालं.

मग चाळीस डाव खेळलो. हजार पत्ते. बरोबर आले २०७.

तोवर एक गोष्ट लक्षात आली होती. मी चश्मा लावायचे आणि ती माझ्या डोळ्यांकडे बघत ओळखायची, कारण "मन डोळ्यांत असतं" असं आम्ही वाचलं होतं. संध्याकाळी दिवा माझ्या मागे असला की काही नाही. दिवा माझ्या समोर, पत्त्यावर उजेड पडेल असा असला की काचेत लाटा आणि तारा पुसटसे दिसायचे. तिला स्वतःलाही ते कळत नव्हतं, ती खोटं खेळत नव्हती. चश्मा काढून खेळलो तेव्हा आकडा पाचाच्या आसपास येऊन बसला.

पुढे कळलं की १९३० च्या दशकात ड्यूक विद्यापीठात जे. बी. ऱ्हाइन यांनी असे पत्ते वापरले, तेव्हाच्या काही पत्त्यांवरही हीच टीका झाली होती. छपाईचा उठाव मागून ओळखू यायचा.

---

गणितमास्तर

@कोरीपाटी, हा प्रतिसाद जपून ठेवावा असा आहे. २५ पैकी ९ किंवा जास्त निव्वळ योगायोगाने यायची शक्यता जवळपास वीस-एकवीस डावांत एकदा. ती तुमच्या पहिल्याच डावात आली. शेवटच्या डावात आली असती तर कदाचित तुम्ही तिच्याकडे वळूनही पाहिलं नसतं.

---

दर्यावर्दी

मी मालवाहू जहाजावर बावीस वर्षं काढली. विज्ञान फार कळत नाही, पण लांब असणं म्हणजे काय ते कळतं, म्हणून लिहितो.

माझे वडील गेले तेव्हा मी भर समुद्रात होतो, पहाटे चार ते आठची पाळी. त्या पहाटे पाणी सपाट होतं, रडारवर काही नाही, मी कठड्याला टेकून चहा पीत होतो आणि दुसऱ्या खलाशाबरोबर दोरखंडाच्या गाठीवरून वाद घालत होतो. निरोप सहा तासांनी आला. वेळ जुळवून पाहिली तर वडील गेले तेव्हा मी हसत होतो. लोक सांगतात की अशा वेळी छातीत कळ येते, काहीतरी जाणवतं. मला काहीच जाणवलं नाही. बरीच वर्षं मला याचंच वाईट वाटत राहिलं, की माझंच प्रेम कमी पडलं की काय.

म्हणून शततारका, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: मला ग्रह हलवणारा नको. मंगळावर जाणाऱ्या सहा जणांत एकाला तरी असं कोणी हवं, ज्याला घरचं तिथल्या तिथे कळेल. मंगळापर्यंत नुसता निरोप जायला ३ ते २२ मिनिटं लागतात, उत्तराला तितकीच परत. सूर्य मध्ये आला की दर सव्वीसेक महिन्यांनी दोन आठवडे संपर्कच बंद ठेवावा लागतो. २००७ च्या डिसेंबरात डॅनियल टानी अंतराळ स्थानकावर असताना त्यांची आई अपघातात गेली. पण तिथून निदान घरच्यांशी बोलता तरी येतं. मंगळावरून "हॅलो" म्हणून चाळीस मिनिटं थांबायचं, त्याला काय बोलणं म्हणायचं?

---

शततारका

दर्यावर्दीदादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. प्रेम कमी पडण्याचा यात काही संबंध नाही, हे मनापासून सांगते. कोणालाच जाणवत नाही. ज्यांना जाणवल्यासारखं वाटतं ते त्यांना आठवतं, आणि ज्या हजार वेळा जाणवूनही काहीच घडलेलं नसतं त्या कोणी लिहून ठेवत नाही.

हा मुद्दा माझ्या धाग्यात असायला हवा होता, मी काड्या आणि पिनांतच अडकले.

---

उत्तररात्र

दादा, तुमचं म्हणणं पोचलं. तरी एक वेगळी बाजू मांडते, कृपया मनावर घेऊ नका.

ज्याला सगळं तिथल्या तिथे कळणार, त्याचं काय? मॉस्कोत २०१०-११ साली मार्स-५०० नावाचा प्रयोग झाला. सहा माणसं ५२० दिवस बंद जागेत राहिली, जणू मंगळाला जाऊन येत आहेत. हळूहळू त्यांची हालचाल कमी होत गेली, काहींच्या झोपेची घडी विस्कटली. आता या सहांत एकाला बाकी पाचांच्या मनातलं ऐकू येतंय असं समजा. पाच जणांचा कंटाळा, चिडचिड, घरची आठवण, एकमेकांविषयी जे तोंडाने कधीच बोललं जाणार नाही ते सगळं त्याच्या कानी. दार लावून घ्यायची सोय नाही. मला तर वाटतं पहिला तोच खचेल.

आणि बाकीच्यांचं काय? १९७३-७४ मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळ स्थानकावर शेवटच्या तुकडीतल्या विल्यम पोग यांना पहिल्याच दिवशी उलटी झाली. ही गोष्ट जमिनीवर कळवू नये असं त्यांनी आणि कमांडर कार यांनी आपसात ठरवलं. पण ते बोलणं यानातल्या यंत्रावर मुद्रित झालं, खाली ऐकलं गेलं, आणि ॲलन शेपर्ड यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा रेडिओवरूनच समज दिली. हेच शेपर्ड अपोलो १४ चे कमांडर, ज्यांच्यापासून मिशेल यांनी आपला प्रयोग लपवला होता! माणसाला चार गोष्टी लपवायला जागा लागते, चांगल्या माणसालाही. त्याच तुकडीने पुढे खालच्या लोकांशी कामाच्या ओझ्याविषयी मोकळेपणाने बोलून घेतलं आणि ८४ दिवस पूर्ण केले. तिथे त्यांना मनातलं ऐकणारा लागला नाही. बोललेलं ऐकून घेणारे पुरले.

त्यामुळे असा माणूस न्यायचाच तर माझी एक अट. मन वाचणारा नको. ज्याला दुसऱ्याने हाक मारली तरच ऐकू येईल, असा हवा. दार आतून उघडणारं असावं.

---

पुनर्वसू

"दार आतून उघडणारं" याला +१. पतंजलींनीही या सिद्धींना समाधीच्या वाटेवरचे अडथळे म्हटलंय, ते कदाचित यामुळेही असेल.

जाता जाता एक गोष्ट. अंतराळात माणसांना खरोखर 'अतींद्रिय' वाटावं असं काहीतरी दिसलेलं आहे. अपोलोच्या अंतराळवीरांना डोळे मिटल्यावर अंधारात उजेडाच्या ठिणग्या आणि रेघा दिसायच्या. अपोलो ११ नंतर ऑल्ड्रिन यांनी ते सांगितलं, मग इतरांनीही. पुढच्या मोहिमांत मुद्दाम उपकरण डोक्याला लावून तपासलं. वैश्विक किरणांतले जड कण डोळ्यातून आरपार जाताना ते दिसतं. कोणी हे "दर्शन" म्हणून सोडून दिलं असतं तर किरणोत्सर्गाची एक महत्त्वाची खूण हातची गेली असती. म्हणून माझं मत, कोणी काही जाणवलं म्हणाला की त्याला हसू नये आणि हारही घालू नयेत. उपकरण लावावं.

---

गणितमास्तर

दर्यावर्दींच्या "तिथल्या तिथे" या शब्दाविषयी लिहायचं राहिलं होतं. गोष्ट हृदयाची आहे हे कळतं, तरी भौतिकशास्त्राची अडचण सांगायलाच हवी.

मंगळावर "आत्ता" आणि पृथ्वीवर "आत्ता" हे एकच नसतात. दोन निरीक्षक एकमेकांच्या सापेक्ष वेगाने जात असतील तर लांबच्या दोन घटनांतली कुठली आधी घडली यावरच त्यांचं एकमत होत नाही. रोजच्या वेगांना फरक नगण्य, पण तत्त्व तेच. प्रकाशाहून वेगवान निरोप शक्य झाला, तर दोन वेगवान यानांमध्ये असे निरोप फिरवून उत्तर प्रश्नाच्या आधी पोचवता येतं. म्हणजे क्षणार्धात पोचणारी टेलिपथी आणि भविष्य कळणं या दोन वेगळ्या शक्ती नाहीतच. एक मान्य केली की दुसरी दारात उभी. पुंजभौतिकीतल्या गुंतलेल्या कणांचं नाव इथे हमखास घेतलं जातं, पण त्या गुंत्यातून निरोप पाठवता येत नाही हे गणिताने सिद्ध आहे.

टेलिपथी प्रकाशाच्याच वेगाने जाते असं धरलं तर मात्र काही मोडत नाही. मग ती मंगळावर ३ ते २२ मिनिटांनीच पोचेल, जवळच्या ताऱ्यावर सव्वाचार वर्षांनी. व्हॉयेजर १ त्या अंतराला आजच्या वेगाने ७० हजारांहून जास्त वर्षं घेईल, त्यापुढे सव्वाचार वर्षं काहीच नाहीत. एवढ्या लांब जाणाऱ्यांना अँटेना, वीज, यंत्रं सगळं गमावल्यावरही घरचं काही पोचत राहील. ही शक्ती मला पटते.

---

दर्यावर्दी

मास्तर, २२ मिनिटं उशिरा चालेल. माझा निरोप सहा तासांनी आला होता.

उत्तररात्रताई, तुमचं म्हणणं मान्य. मलाही त्या पहाटे कोणी माझ्या मनात डोकावलेलं आवडलं नसतं. हाक मारली तर ऐकू यावी, एवढंच.

---

कोरीपाटी

हा धागा वाचून बहिणीला फोन केला. ती आता माझ्यापासून साडेनऊ तासांच्या फरकावर राहते, म्हणजे काचेत पत्ता दिसायचा प्रश्न मिटला. पुन्हा खेळायचं ठरलंय. मास्तरांचा पहिल्या डावाचा मुद्दा लक्षात ठेवून नियम आधीच लिहून टाकतेय, म्हणजे नंतर सोयीने बदलता येणार नाहीत. २५-२५ चे चाळीस डाव, क्रम फासे टाकून, वेळ दोघींची घड्याळं जुळवून. तिची उत्तरं ती लगेच तिसऱ्या मैत्रिणीला पाठवणार, माझी यादी मी वेगळी पाठवणार, मोजणी ती मैत्रीण करणार. एकही डाव "आज मन लागलं नाही" म्हणून वगळायचा नाही. आणि पत्ता धरण्याआधी मी मनात तिला हाक मारणार, उत्तररात्रताईंच्या अटीप्रमाणे.

पहिला डाव रविवारी रात्री. आकडा इथेच टाकेन, पाच आला तरी.